टीप कुठे थांबवायची

(१९८४ सालच्या दहावीच्या तुकड्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गोधडीवरची मशीनची नक्षी’ असं छापलंय. ते वाचून सकाळी चहाच्या टेबलावर आपल्यातल्याच एकाने विचारलं, “अगं, गोधडीवर वीस मिनिटं काय बोलणार? पांघरायची आणि झोपायचं!” त्याचा अनुभव दांडगा आहे. इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर तो गोधडीशिवायच झोपायचा. तेव्हा आज त्याला झोप लागली तर मी वाईट वाटून घेणार नाही.

गेली अठरा वर्षं मी मशीनवर गोधड्या शिवते. सुरुवात घरातल्यांसाठी केली, मग शेजारी, मग ओळखीच्यांच्या ओळखीचे. तुकडे जोडून गोधडीची वरची बाजू तयार झाली की लोकांना वाटतं, झालं काम. खरं तर कठीण भाग तिथून पुढे सुरू होतो. वरची बाजू, मधला भरणा आणि खालचं अस्तर हे तीन थर एकत्र धरून ठेवायला वरून टीप घालावी लागते. ती टीप कुठून कशी फिरवायची, सरळ की वळणाची, दाट की विरळ, हे ठरवायचं असतं. आपल्या आज्या हे काम हाताने करायच्या, धावदोऱ्याने. मी मशीनने करते. आज मला सांगायचंय ते एवढंच, की ती टीप गोधडीला खुलवते कधी आणि मारते कधी. आणि हे मला कळलं ते एक गोधडी मारल्यावर.

माझी आई २०१५ साली गेली. कपाट आवरताना तिच्या साड्या निघाल्या. इरकली, नारायणपेठी, रोजच्या वापरातल्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या, आणि एक लग्नातला शालू. मी ठरवलं, यांची बाबांसाठी गोधडी करायची. बाबा तेव्हा ऐंशीच्या घरात होते. आयुष्यभर अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर म्हणून लेथवर उभं राहिलेला माणूस. बोलायचे कमी. आई गेल्यावर अजून कमी झालं होतं.

तुकडे मी छान जोडले. ते काम मला येत होतं. पण त्याच सुमारास मी नवी मशीन घेतली होती आणि अमेरिकेतल्या बायकांचे व्हिडिओ बघून पिसांची नक्षी शिकले होते. मधोमध एक वळणदार देठ आणि दोन्ही बाजूंना पाकळ्यांसारखी पिसं, एकाला लागून एक. दिसायला फार देखणी नक्षी असते ती. हात बसला होता, मशीन पळत होती, आणि मला थांबावंसं वाटत नव्हतं. मी आईच्या साड्यांवर इकडून तिकडे पिसं काढली. पिसांच्या मधल्या जागा राहिल्या, त्यात बारीक नागमोडी टीप भरली. टाकाही अगदी बारीक ठेवला. तीन आठवडे लागले. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, “काय काम केलंयस!”

डिसेंबरात बदलापूरला थोडी थंडी पडते. मी ती गोधडी बाबांच्या अंगावर घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायाशी घडी करून ठेवलेली, आणि बाबा आपली जुनी चादर घेऊन झोपलेले. तिसऱ्या दिवशीही तेच. मी विचारलं, तर आधी काही बोलेनात. मग म्हणाले, “चांगली आहे गं. पण अंगावर बसत नाही. पत्रा झालाय तिचा.”

पत्रा. टर्नर माणसाने तोलून वापरलेला शब्द होता तो. मी जाऊन हात लावला. खरंच, गोधडी वाकत नव्हती, तिला पन्हाळीसारखे बाक येत होते. आईच्या साड्यांमध्ये जो मऊपणा होता, ज्याच्यासाठी मी त्या साड्या वापरल्या होत्या, तोच मी टिपेने शिवून बंद केला होता. आणि दुसरी गोष्ट तर मला तेव्हाच दिसली. त्या पिसांच्या गर्दीत साड्याच दिसत नव्हत्या. इरकलीची चौकट कुठली, नारायणपेठीचा काठ कुठला, काही कळत नव्हतं. दिसत होती फक्त मी.

बाबा म्हणाले, “जॉबला लागतं तेवढंच मटेरियल काढायचं असतं. मशीन चालतेय म्हणून चालवायची नसते.”

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. आठ दिवस मी मशीनचं झाकण उघडलं नाही. त्या आठ दिवसांत एका संध्याकाळी पाय आपोआप शिवमंदिराकडे वळले.

आपल्याला या देवळाची इतकी सवय आहे, की आपण त्याच्याकडे बघतच नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेत पाळण्यात बसायला जायचं, परीक्षेआधी पिंडीवर बेल वाहायचा, आणि वालधुनीच्या काठाने घरी यायचं. पण आठवतंय का, आपले चित्रकलेचे सर नववीत आपल्याला कागदाचे फळे घेऊन तिथे घेऊन गेले होते? त्यांनीच सांगितलं होतं की देवळावरच्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहारांच्या काळातलं हे देऊळ. आणि हेही सांगितलं होतं, की १८६८ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले विद्यार्थी इथे येऊन याच भिंतींची चित्रं आणि साचे काढून गेले. आपल्याला तेव्हा चित्रांपेक्षा डब्याची घाई होती. मी एक नर्तकी काढायला घेतली आणि ती भोपळ्यासारखी झाली. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मूर्ती नंतर. आधी तिच्या बाजूची मोकळी जागा काढ.” मला वाटलं, सर माझी थट्टा करतायत.

त्या संध्याकाळी मी त्याच भिंतीसमोर उभी राहिले, पस्तीस वर्षांनी, आणि सरांचं बोलणं समजलं. उन्हं कलली होती. ती भिंत सरळ नाही. ती टप्प्याटप्प्याने पुढे येते आणि मागे जाते, त्यामुळे तिच्यावर उजेडाचे आणि सावलीचे उभे पट्टे पडतात. मूर्ती बसवलेली जागा पुढे आलेली, तिच्या शेजारी खोल सावली. खाली जोत्याचे आडवे थर आहेत, त्यात नक्षीचा थर आहे तसा साधा थरही आहे. कोरीवकाम भरपूर आहे, पण डोळ्याला टेकायला जागा ठेवलेली आहे. आणि वर शिखर बघा. ते वरून ढासळलेलं आहे, तरी जेवढं उरलंय त्यात त्याची मांडणी कळते. उभ्या पट्ट्या वर चढत जातात, त्यांच्यावर जाळीसारखी बारीक नक्षी. आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, एकावर एक. जाणकार या पद्धतीला भूमिज म्हणतात. मला मात्र तिथे गोधडी दिसली. पट्ट्या आणि चौकोन! पट्टीवर एक नक्षी, चौकोनात दुसरी, दोघींची गल्लत कुठेच नाही.

घरी आले आणि सीम रिपर घेऊन बसले. पिसं उसवायला घेतली.

शिवायला तीन आठवडे लागले होते, उसवायला अडीच महिने गेले. ज्यांना कधी गरज पडेल त्यांच्यासाठी सांगते: एका बाजूने दर चौथा-पाचवा टाका कापायचा आणि गोधडी उलटी करून खालचा दोरा ओढायचा. तो लांबच्या लांब निघतो. प्रत्येक टाका उपसत बसलात तर कापड फाटतं. सुती साड्या एकदा धुतल्यावर सुईची भोकं मिटली. शालूची मिटली नाहीत. रेशमाला एकदा सुई लागली की ते विसरत नाही. आजही त्या तुकड्यांवर पिसांच्या आकृतीत भोकांची रांग दिसते. मी बाबांना ते दाखवून म्हटलं, “हे काही आता जाणार नाही.” त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “राहू दे. टूलचा मार्क राहतोच.”

दुसऱ्यांदा टीप घालण्याआधी मी वर्षभर शिकले. कुठून? सगळीकडून. त्यातलं थोडं तुम्हाला सांगते, कारण आपल्यातल्या चौघी-पाचजणी आता निवृत्त होऊन मशीन घेण्याच्या विचारात आहेत, हे मला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलंय.

पहिली गोष्ट. नक्षी ठरवण्याआधी गोधडी जमिनीवर पसरायची, आणि तिच्यापासून दहा पावलं लांब जाऊन बघायचं की तिच्यात आधीच कोण बोलतंय. कापड छापील असेल, फुलाफुलांचं, तर त्यावर तुम्ही कितीही सुंदर नक्षी काढा, दिसणार नाही. तिथे साधी टीप घाला आणि कष्ट वाचवा. कापड एकरंगी असेल तर ते कोऱ्या पाटीसारखं असतं. नक्षी काढायची ती तिथे. मी नेमकं उलटं केलं होतं. चौकटीच्या इरकलीवर पिसं काढली होती.

दुसरी गोष्ट विरोधाची. तुकडे जर चौकोनी-त्रिकोणी, कोपऱ्याकोपऱ्यांचे असतील तर टीप वळणाची शोभते. तुकड्यात फुलं-वेली असतील तर मागे सरळ रेघा किंवा जाळी शोभते. आडव्या-उभ्या तिरप्या रेघांची जाळी गादीवाले रजईवर घालतात ना, मी तिला शंकरपाळी टीप म्हणते. शंकरपाळीच्या जाळीवर एखादं गोल फूल ठेवा, ते लगेच उठून पुढे येतं. कारण दाट शिवलेला भाग दबतो आणि मोकळा सोडलेला भाग फुगतो. म्हणजे फूल उठवायचं असेल तर फुलावर काम करायचं नाही, फुलाच्या बाजूच्या जागेवर करायचं. आपले सर हेच सांगत होते. “आधी मोकळी जागा काढ.”

तिसरी गोष्ट समतोलाची, आणि इथे भल्याभल्यांची गोधडी बिघडते. प्रत्येक टीप कापड किंचित आत ओढते. मधोमध दाट नक्षी आणि कडेला काहीच नाही असं केलंत, तर मधला भाग आक्रसतो आणि कडा लाटांसारख्या हलतात. ती गोधडी जमिनीवर कधीच सपाट बसत नाही. कितीही इस्त्री फिरवा. दाट तर सगळीकडे सारखी दाट, विरळ तर सगळीकडे सारखी विरळ. आणि किती विरळ चालेल हे भरण्यावर ठरतं. आत कापूस असेल तर रेघा जवळ हव्यात, नाहीतर धुतल्यावर त्याचे गोळे होतात. फायबरची शीट असेल तर पाकिटावर लिहिलेलं असतं की दोन टिपांत किती अंतर चालेल. आत जुन्या साड्यांचेच थर असतील तर त्या जागच्या हलत नाहीत, चार-चार बोटांवर टीप पुरते. माझ्या आईच्या साड्यांना एवढंच लागत होतं. मी एक बोटही सोडलं नव्हतं.

चौथी गोष्ट, मशीनला तुटक नक्षी आवडत नाही. हाताने शिवताना सुई कुठेही उचलता येते. मशीनवर प्रत्येक तुटलेल्या जागी दोरा बांधायचा, टोक आत लपवायचं, आणि तिथे गाठ लागते. म्हणून नक्षी अशी निवडायची की सुई एकदा खाली गेली की शेवटपर्यंत न उचलता जाईल. यासाठी परदेशी पुस्तकं घ्यायची गरज नाही. आपल्या घरात याची शाळाच होती. आई-आजी दारात रांगोळी काढायच्या त्यात कितीतरी आकार एका दमात फिरून जिथून निघाले तिथेच परत येणारे असतात. जुन्या कागदपत्रांतली मोडी पाहिली असेल कुणी, तर आधी कागदभर वरची रेघ ओढलेली असते आणि मग तिच्याखाली अक्षरं वळणं घेत एकातून एक निघतात. आडव्या पट्टीवरची वेल मशीनवर अशीच लिहायची असते. मी नवीन नक्षी आधी कागदावर पन्नास वेळा पेनाने काढते, पेन न उचलता. हाताला वळण पाठ झालं की मगच मशीन.

मशीनचे दाते खाली पाडून, गोल पाय लावून, कापड दोन्ही हातांनी फिरवायचं, याला फ्री मोशन म्हणतात. माझी टीप सुरुवातीला कुठे मोहरीएवढी आणि कुठे गव्हाएवढी यायची. बाबा एक दिवस शेजारी खुर्ची घेऊन बसले. मशीनचा आवाज ऐकत राहिले आणि म्हणाले, “तुझं फीड आणि स्पीड जुळत नाहीये.” लेथवर टूल किती वेगाने पुढे सरकवायचं आणि जॉब किती वेगाने फिरवायचा, याचा मेळ बसला की फिनिश येतं. इथे फीड म्हणजे माझा हात आणि स्पीड म्हणजे माझा पाय. मला कुठल्याच व्हिडिओत हे इतकं सोपं करून सांगितलेलं सापडलं नव्हतं. त्या दिवसापासून माझे टाके सारखे यायला लागले. आणि बाबा आई गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी सलग तासभर बोलले, फीड आणि स्पीडवर.

पाचवी गोष्ट फुकटची युक्ती आहे. पुस्तकांना घालतात तसलं जाड पारदर्शक प्लास्टिक मीटरवर आणा. ते गोधडीवर पसरा आणि त्यावर पांढऱ्या फळ्याच्या पेनाने नक्षी काढून बघा. नाही आवडली, पुसा. कडेने रंगीत चिकटपट्टी मात्र लावा, नाहीतर पेन प्लास्टिकवरून घसरून थेट कापडावर जातं, आणि मग तुम्ही माझं नाव घेता. मी ही युक्ती आधी वापरली असती तर अडीच महिने वाचले असते. दोऱ्याचा रंगही तसाच ठरवा. दोन-तीन रिळांचे दोरे सोडून गोधडीवर नुसते टाकून ठेवा आणि लांब जा. जो दोरा दिसेनासा होतो तो बहुतेक वेळा बरोबर असतो. उठून दिसणारा दोरा घ्यायचा तर हात तेवढा बसलेला हवा, कारण तो चूकही तेवढीच उठून दाखवतो.

आता काही जण मनात म्हणत असतील, की मशीनची गोधडी ही काय गोधडी? खरी गोधडी हाताची. हा वाद आपल्याकडेच नाही. अमेरिकेतही मशीनने टीप घातलेल्या गोधडीला कमी समजायचे. १९८९ साली पदुका गावातल्या त्यांच्या मोठ्या प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट या बाईंच्या मशीनने शिवलेल्या गोधडीला सर्वोत्कृष्टचं बक्षीस मिळालं, तेव्हा तिथे बरीच खळबळ झाली. तोवर तो मान हाताच्या कामालाच मिळत आला होता. माझं म्हणणं असं, की हाताच्या गोधडीची नक्कल मशीनने करू नये, पण तिच्याकडून शिकावं.

आणि शिकण्यासाठी आपल्याला लांब जायला नको. आपल्या वर्गात कॅम्पातून येणारी सिंधी मुलं होती. लढाईच्या काळातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं, हे आपण पाठ केलंय. पण त्या कुटुंबांतल्या आज्या सोबत काय शिकून आल्या होत्या ते पाठ्यपुस्तकात नव्हतं. माझ्या एका सिंधी मैत्रिणीच्या घरी मी रिल्ली पाहिली. वर काय ते रंग! लाल, पिवळा, काळा, हिरवा, त्रिकोण आणि चौकोन नुसते नाचत असतात. आणि त्यावर टीप कसली? एका रेषेत जाणारा साधा धावदोरा, बोटाच्या अंतरावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बस. त्या आजींना मी विचारलं, एवढ्या रंगांवर साध्या रेघाच का? त्या हसून म्हणाल्या, “रंग बोलतायत ना? मग दोऱ्याने ऐकायचं.”

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी बायका कवंदी शिवतात. तिथे शिलाई कडेपासून सुरू होते आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत येते. तुकडा लावायचा, शिवत पुढे जायचं. तिथे नक्षी वेगळी निवडावीच लागत नाही. गोधडी ज्या वाटेने वाढली तीच तिची नक्षी. माझी आजी वाकळ शिवायची तीही साधारण अशीच, कडेकडेने आत. शेवटचा तुकडा लावताना त्याखाली चार तांदळाचे दाणे ठेवायची. म्हणायची, “हिचं पोट रिकामं ठेवू नये.”

सहावी गोष्ट जरा आपल्या गावची आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी एकांनी मला शिवमंदिराची गोधडी मागितली. परदेशात राहणाऱ्या मुलासाठी, गावची आठवण म्हणून. त्यांना त्यावर भिंतीवरच्या देवांच्या मूर्ती हव्या होत्या. मी म्हटलं, काका, गोधडीला पाय लागतात. ते एकदम गप्प झाले. मग आम्ही दोघं देवळात गेलो आणि पायाला चालेल असं काय आहे ते शोधलं. कमळाच्या पाकळ्यांची पट्टी चालेल. वेल चालेल. जोत्यावरचे थर, शिखरावरच्या चौकोनांच्या रांगा चालतील. ती गोधडी राखाडी एकरंगी कापडाची केली, दगडाच्या रंगाची, आणि नक्षी त्याच रंगाच्या दोऱ्याने. समोरून बघितली तर काहीच दिसायचं नाही. दिवा बाजूला ठेवला की सगळं देऊळ उठायचं. नक्षी निवडताना ती सुंदर आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ती कुठे जाणार, कोण पांघरणार, कितीदा धुतली जाणार, हेही विचारावं लागतं. तान्ह्या बाळाच्या दुपट्यावर लांब सैल टाके नकोत, त्यात बोट अडकतं. म्हाताऱ्या माणसाच्या गोधडीवर दाट काम नको, ती जड आणि ताठ होते. भिंतीवर लावायची असेल तर हवी तेवढी हौस करा, तिथे कुणाला झोपायचं नसतं.

तर बाबांच्या गोधडीचं पुढे काय झालं ते सांगते आणि संपवते.

साड्यांचे काठ होते, त्यांना समांतर सरळ टिपा घातल्या, चार चार बोटांवर. टाका थोडा लांब ठेवला, अडीच-तीन मिलिमीटर. इरकलीवर तिच्या चौकटीच्या रेघेवरूनच टीप नेली, म्हणजे ती दिसतही नाही. फक्त एक एकरंगी पांढऱ्या साडीचा चौकोन छातीवर येईल असा होता, तिथे एक नक्षी काढली. आई रोज दारात आठ पाकळ्यांचं कमळ काढायची, बोट न उचलता. तेवढं एकच. आतून मोकळं सोडलं आणि बाहेरून बारीक टीप भरली, म्हणजे ते उठेल. चार दिवसांत काम संपलं. या वेळी ती बघून कुणीही “काय काम केलंयस” म्हटलं नाही. बघणारे म्हणाले, “ही तुझ्या आईची साडी ना? आणि ही पण!”

बाबांना तोवर डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. रात्री मी दिवा मालवायला गेले तेव्हा गोधडी गळ्यापर्यंत ओढलेली होती आणि त्यांचं बोट त्या पाकळ्यांवरून फिरत होतं. मला म्हणाले, “दारातली आहे ना ही?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “बरी बसलीय.” कारखान्यात बाबांकडून ‘बरं’ म्हणवून घ्यायला शिकाऊ पोरांना वर्षं लागायची, असं त्यांचे मित्र सांगायचे. मला दोन लागली.

मित्रांनो, आता या टेबलावरचं कापड काढते. ही आपली गोधडी. गेल्या दिवाळीपासून तुम्ही सगळ्यांनी पाठवलेले पस्तीस तुकडे आहेत, पाच ओळी, सात रांगा. एनसीसीची खाकी आहे, पीटीची पांढरी पँट आहे, कुणाच्या लग्नातली साडी आहे, कुणाच्या मुलाचं झबलं आहे. एकाने गणवेशाचा मूळ निळा शर्ट चाळीस वर्षं कशासाठी जपून ठेवला होता ते त्यालाच विचारा. पस्तीस कापडं आणि सगळी एकाच वेळी बोलतायत, अगदी आपला वर्ग. म्हणून मी टीप एकच घातली, शंकरपाळी, सगळीकडे सारखी, राखाडी दोऱ्याने. कडेच्या निळ्या पट्टीवर मात्र देवळातली कमळाच्या पाकळ्यांची रांग आहे, कारण तिथे जागा मोकळी होती.

यातले दोन तुकडे आपल्यातून गेलेल्या दोघांचे आहेत, त्यांच्या घरच्यांनी पाठवलेले. त्यांच्यावर काही वेगळी नक्षी काढावी का, असा विचार मी पुष्कळ केला. प्लास्टिक टाकून काढूनही पाहिली. मग पुसली. ती शंकरपाळी त्यांच्यावरूनही तशीच जाते, अलीकडच्या चौकोनातून येऊन पलीकडच्यात. आपल्या मध्ये बसलेत ते, तसेच बसू देत.

शेवटची एक विनंती. समितीने ही गोधडी शाळेला भेट द्यायचं ठरवलंय, आणि ती काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावायची असं मी ऐकलं. कृपा करून तसं करू नका. मी ही धुण्यासाठी शिवली आहे. भरणा धुतल्यावर हलणार नाही, रंग जाणारे तुकडे मी आधीच धुऊन घेतलेत. आपल्या शाळेत ऑफिसच्या शेजारी एक खोली होती, अंग गरम झालेल्या पोराला घरचे येईपर्यंत जिथे निजवायचे. तिथे एक खाट असायची. ती खाट अजून असेल तर ही गोधडी तिथे ठेवा.

चहापर्यंत ती इथे टेबलावरच आहे. या, आणि नुसती बघू नका, हात लावून बघा. आपापला तुकडा शोधा.